जुन्या जिप्सीचे पाटे आणि शॉकअप बदलताना: मोजमापापासून पहिल्या 500 किलोमीटरपर्यंत

मारुती जिप्सी 1985 च्या अखेरीस रस्त्यावर आली, 1996 मध्ये तिची 1.3 लिटर इंजिनाची ‘किंग’ आली, आणि सामान्य ग्राहकांसाठीची विक्री 2019 मध्ये थांबली. एवढ्या वर्षांत इंजिन बदललं, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) रुंद झाला, पण खालचं गणित तेच राहिलं: शिडीची चेसी, पुढे-मागे सरळ हाऊसिंग (डावं-उजवं चाक जोडणारं अ‍ॅक्सलचं आडवं नळकांडं), आणि चारही कोपऱ्यांत हाऊसिंगच्या खालून गेलेले कमान पाटे (लीफ स्प्रिंग). कॉइल स्प्रिंग कुठेही नाही. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जेमतेम 2375 मिलिमीटर आणि वजन टनाच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोचतो.

नवीन जिप्सीवाला आधी शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलतो. फरक पडला नाही की पाटेवाल्याकडे जाऊन एखादा पाटा काढून घेतो. मग गाडी एका बाजूला बसते आणि तो तिसऱ्यांदा खर्चात पडतो. हा क्रमच उलटा आहे. जुन्या जिप्सीचा कडकपणा बहुतेक वेळा पाटे ताकदवान असल्यामुळे नसतो. गंजलेले पाटे एकमेकांवरून सरकत नाहीत आणि अडकलेली शॅकल (पाट्याचं एक टोक चेसीला जोडणारी हलती कडी) फिरत नाही, म्हणून असतो. म्हणून आधी रोग ओळखा, मग मोजा, मग विकत घ्या. पाटे बसवून झाल्याशिवाय शॉकअपची ऑर्डर देऊ नका.

इथलं सगळं जिप्सी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. जुन्या महिंद्रा जीपलाही पुढे-मागे पाटेच असतात, त्यामुळे पद्धत तिथेही चालेल, मापं मात्र चालणार नाहीत.

## 1. रोग नेमका कुठे आहे ते पाहा

सुरुवात टायरपासून करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. पंपावरचा पोरगा सवयीने कारइतकी हवा भरतो आणि हलक्या जिप्सीला ती जास्त होते. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा भरा, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने. पिकअपचे जाड दांड्यांचे टायर बसवलेले असतील तर अर्धा कडकपणा तिथेच आहे आणि पाटे बदलून तो जाणार नाही.

आता गाडी खालून प्रेशरने धुऊन घ्या. चिखलाच्या थराखाली तडा दिसत नाही. धुतल्यावर टॉर्च घेऊन प्रत्येक संच टोकापासून टोकापर्यंत बघा. पाटा बहुधा सेंटर बोल्टच्या (संचातले पाटे मध्यावर एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी किंवा डोळ्याच्या (पाट्याच्या टोकाला बोल्टसाठी केलेल्या गोल गुंडाळीच्या) वळणाशी तुटतो. केसाएवढी रेघ आणि तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ दिसला तर तो पाटा गेला असं समजा. दोन पाट्यांमध्ये गंज फुगून फट पडलेली असेल तर तो संच उघडावाच लागेल. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

शॅकल फिरते का, हे तपासायला खडू पुरतो. शॅकल आणि चेसीवरच्या कंसावर मिळून एक सरळ रेघ ओढा. मागे तीन-चार माणसं चढवा, उतरवा, परत चढवा. रेघ तुटून सरकली पाहिजे. माणसं चढलेली असतानाही ती जागची हलली नाही, तर तुमचा पाटा दोन्ही टोकांना बांधल्यासारखा आहे. असा पाटा कितीही भारी असला तरी आपटणारच.

शॉकअपसाठी बोनेट दाबून गाडी किती वेळा डुलते ते पाहायची पद्धत पाट्यांच्या गाडीला लागू पडत नाही. पाट्यांमधलं घर्षणच गाडी थांबवतं आणि मेलेला शॉकअपही पास होतो. त्याऐवजी खराब रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि उतरल्याबरोबर चारही शॉकअपच्या नळ्यांना जपून हात लावा. काम करणारा शॉकअप कोमट ते गरम लागतो. एखादा गार असेल तर त्याने काहीच काम केलेलं नाही. दांडीभोवती तेलाने भिजलेली माती असेल तर तपासणीची गरजच नाही.

एवढं करून दोष फक्त बुश (सांध्यांतल्या रबरी नळ्या) आणि शॅकलमध्ये निघाला, तर तेवढंच बदला. अनेक गाड्यांना त्यापुढे काही लागत नाही.

## 2. मापं घ्या आणि लिहून ठेवा

गाडी सपाट फरशीवर उभी करा, टाकी अर्धी भरलेली, हवा बरोबर. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या खालच्या कडेपर्यंत सरळ वरचं अंतर चारही चाकांवर मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज त्यात मिसळते. डाव्या-उजव्यात 10 मिलिमीटरपर्यंतचा फरक जुन्या गाडीत चालतो. 20 च्या पुढे गेला तर पाटा बसलाय किंवा तुटलाय. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि पुष्कळदा एकटाच असतो, म्हणून उजवी बाजू आधी बसते.

मग वजन. हायवेलगतच्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घेऊन पावती घ्या, नंतर पूर्ण गाडीची. वजाबाकी केली की मागचा भार मिळतो. ज्या अवस्थेत गाडी खरोखर वापरता त्याच अवस्थेत न्या: लोखंडी बंपर, विंच, छताचा कॅरिअर, जादा चाक, जेरीकॅन सगळ्यासकट. पाटे विकणारा पहिला प्रश्न वजनाचा विचारत नसेल, तर तो तुम्हाला हाताशी असलेला माल देतोय.

एवढ्यावर कागदाचा अर्धा पाठपोट भरतो, पण पुढच्या प्रत्येक निर्णयाला तोच उपयोगी पडतो.

## 3. पाटे: दुरुस्ती, नवा संच की पॅराबोलिक

पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनावर चालतो. 5 मिलिमीटरचा पाटा काढून 6 चा घातला तर तो एक पाटा सुमारे 73 टक्क्यांनी जास्त कडक होतो. लांबीचंही तसंच, पण उलट: पाटा थोडा लांब झाला तरी बराच मऊ पडतो. म्हणून ‘एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे’ हे वाक्य पाट्यांच्या दुकानात ऐकून सोडून देऊ नका. व्हर्निअर घेऊन जा आणि प्रत्येक पाटा मोजा.

जुना संच साफ करून वापरणं. पाटे तुटलेले नसतील आणि उंची बरोबर असेल तर सर्वात उत्तम. संच उघडा, तारेच्या ब्रशने गंज काढा, टोकांना पडलेले खड्डे आणि धार ग्राइंडरने हलकेच गोल करा, रंग मारा, आणि पाट्यांच्या टोकांखाली नायलॉनच्या पट्ट्या किंवा ग्राफाइट ग्रीस घाला. साधं ग्रीस भरू नका. तांबडी माती त्याला चिकटते आणि पहिल्या पावसाळ्यात त्याची पॉलिश पेस्ट होते.

चाप देणं. बसलेला पाटा ठोकून पुन्हा वाकवणं. थंड अवस्थेत हातोड्याने दिलेला चाप काही महिन्यांत उतरतो. नीट करायचं तर पाटा भट्टीत तापवून, आकार देऊन, तेलात विझवून परत ठरावीक तापमानाला मुरवावा लागतो. हे ज्याच्याकडे होतं त्याच्याकडेच द्या. नुसता गॅस कटरने लाल करून वाकवलेला पाटा त्या जागी आपली लवचीकता घालवून बसतो. तो मऊ तरी राहतो, नाहीतर मोडतो.

पाटा काढून मऊ करणं. सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त फसलेला उपाय. काढायचाच झाला तर खालच्या छोट्या पाट्यांपैकी एक, दोन्ही बाजूंचा सारखाच, आणि गाडी कायम रिकामी फिरत असेल तरच. वरून दुसऱ्या पाट्याला कधीही हात लावू नका. मुख्य पाटा डोळ्यापाशी तुटला तर हाऊसिंग जागेवर धरून ठेवण्याची आशा त्या दुसऱ्या पाट्यावरच असते.

जादा पाटा घालणं म्हणजे उंची आणि कडकपणा दोन्ही वाढवणं. कायम वजन लादलेल्या गाडीलाच ते योग्य.

पॅराबोलिक पाटे. यात पाटे कमी, प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळता, आणि एकमेकांना ते फक्त मध्यावर आणि टोकांपाशी टेकतात. घर्षण जवळपास जातं आणि छोटे खड्डे गिळले जातात. रिकाम्या जिप्सीच्या चालीत सर्वात मोठा फरक यानेच पडतो. पण जे घर्षण जुन्या संचात अर्धं शॉकअपचं काम करत होतं तेही त्यासोबत जातं. पॅराबोलिकवर मूळचे थकलेले शॉकअप ठेवले तर गाडी होडीसारखी डुलते. त्यामुळे इथे शॉकअपचा खर्च धरूनच हिशोब करा. कायम ओझं वाहणाऱ्या गाडीला हे पाटे घेताना उत्पादकाने दिलेली भारमर्यादा तुमच्या वजनकाट्याच्या पावतीशी ताडून पाहा.

उंचीच्या मोहाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. नव्या माणसाने 25 ते 40 मिलिमीटरच्या वर जाऊ नये. पाटे हाऊसिंगच्या खालून काढून वर बसवले की गाडी साधारण पाच इंच उचलली जाते, पण मग स्टिअरिंगचा लिंक, शाफ्ट (ताकद हाऊसिंगपर्यंत नेणारा फिरता दांडा), ब्रेक होज, बंप स्टॉप (पाटा पूर्ण दबला की धक्का झेलणारा रबरी ठोकळा) सगळंच नव्याने बांधावं लागतं. गोव्यात 2014 पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत दिसणाऱ्या गाड्या त्या एका कामासाठी बांधलेल्या असतात. त्यांचा फोटो दाखवून ‘असंच करा’ म्हणू नका.

लांब शॅकलचंही असंच. शॅकल जितकी लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते. शिवाय जिप्सीत पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ती लांबवली की पाट्याचं नाक खाली जातं, हाऊसिंग पुढे कलतं आणि कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) घटतो. परिणाम 60-70 च्या वेगात जाणवतो: स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही आणि गाडी रस्ताभर हुंगत चालते. मग पाटा आणि हाऊसिंगमध्ये पाचर घालून कोन परत आणावा लागतो.

## 4. सामान आणि हत्यारं

पाटे सोडून हे सगळं आधी गोळा करा, म्हणजे गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) अडकून पडणार नाही:

- नवे यू-बोल्ट (पाटा हाऊसिंगला बांधणारे) 8, नटांसह. जुने परत वापरू नका. एकदा ताणलेल्या बोल्टचे आटे पुन्हा तोच ताण धरत नाहीत. लांबी नव्या संचाच्या जाडीवर ठरते: घट्ट केल्यावर नटाबाहेर किमान तीन-चार आटे दिसले पाहिजेत, पण बोटभर लांब दांडा लटकता कामा नये, तो दगडात अडकतो.
- पाट्यांचे आणि शॅकलचे सगळे बुश. रबरी बुश आवाज आणि हादरे खातात. पॉलियुरेथेनचे जास्त टिकतात, पण त्यांना सोबत येणारं सिलिकॉन ग्रीसच लागतं, नाहीतर दर वळणाला कुरकुरतात. नुसत्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला रबरच घ्या.
- शॅकल पिन आणि बोल्ट. काढताना निदान एक तरी कापावा लागेल, हे धरून चाला.
- सेंटर बोल्ट 4, संच उघडणार असाल तर.
- दोन ट्रॉली जॅक, चार मजबूत घोड्या, चाकांना लावायला लाकडी ओंडके.
- 10 ते 24 नंबरचे रिंग पाने आणि गोटी पाने, लांब दांडा, टॉर्क रेंच, दोन मोठे सी-क्लॅम्प, हातोडा, पितळी पंच, तारेचा ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे, चष्मा, हातमोजे.

सुटे भाग मागवताना मॉडेल नुसतं ‘जिप्सी’ सांगू नका. 410 (किंगच्या आधीची) आणि 413 (किंग), अरुंद आणि रुंद ट्रॅक, यांत भाग वेगळे निघतात. चेसी नंबर द्या आणि काढलेला नग दुकानात सोबत न्या. पाट्यात सेंटर बोल्टपासून पुढच्या आणि मागच्या डोळ्याचं अंतर वेगवेगळं मोजून तेही जुळवा.

## 5. कागदपत्रं आणि आरटीओ

मूळ मापाचे पाटे आणि शॉकअप घातले तर ती साधी दुरुस्ती. प्रश्न येतो तो गाडीचं रूप आणि मापं बदलली की. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीमधला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

जिप्सीवाल्यांच्या बाबतीत हे लगेच आडवं येतं, कारण बहुतेक गाड्या 15 वर्षांपलीकडे गेल्या आहेत. फॉर्म 25 भरून नोंदणीचं नूतनीकरण करायचं, गाडी प्रत्यक्ष दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, मग पुढची पाच वर्षं मिळतात. पासिंग जवळ असेल तर काम त्याआधी उरकू नका, नंतर करा. मूळ पाटे-शॉकअप भंगारात देऊ नका. आरसी, विमा, पीयूसी यांच्यासोबत सगळ्या भागांची जीएसटी बिलं आणि आधी-नंतरचे फोटो एकाच फाइलमध्ये ठेवा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर खाली वाकून पाहतोच.

## 6. जुने पाटे काढणं

दोन-तीन दिवस आधीपासून रोज प्रत्येक नट-बोल्टवर गंजाचा स्प्रे मारा. या एका सवयीने अर्धा दिवस वाचतो.

मागच्या बाजूने सुरुवात करा, तिथे स्टिअरिंगची भानगड नाही. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम सोडल्या की हाऊसिंग गोल फिरतं, शाफ्टवर ताण येतो आणि सगळं परत रेषेत आणायला दोन माणसं कमी पडतात.

चाकाचे नट जमिनीवरच सैल करा. पुढची चाकं ओंडक्यांनी अडवा. गाडी उचलून घोड्या चेसीखाली लावा, हाऊसिंगखाली नाही. विटा, दगड, लाकडी ठोकळे यांवर गाडी टेकवून खाली शिरू नका. घोड्या लावल्यावर गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा. हलली तर परत लावा. आता दुसरा जॅक हाऊसिंगखाली घेऊन त्याचा भार नुसता उचलून धरा.

शॉकअपचं खालचं टोक सोडा. ब्रेक होज, ब्रीदरची (हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारी) नळी, आणि असेल तर स्टॅबिलायझर बारची जोडणी ताणली जात नाही ना ते पाहा. यू-बोल्टचे नट सोडवा. गंजून धरलेले असतील तर वेळ घालवू नका, कापून टाका, नाहीतरी ते जाणारच आहेत. ग्राइंडरच्या ठिणग्या पेट्रोलच्या टाकीकडे आणि ब्रेक होजकडे जाऊ देऊ नका: ओलं जाड गोणपाट आड धरा, शेजारी अग्निशामक ठेवा. मग शॅकलचं टोक, आणि शेवटी स्थिर टोकाचा बोल्ट. पाटा जड आहे, तो पायावर येणार नाही अशा बाजूला बसा.

संच उघडायचा असेल तर सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळल्याशिवाय नट सोडू नका. दबलेले पाटे झटक्यात उसळतात आणि बोटं तोडतात. क्लॅम्प एकेक फेरा, आळीपाळीने सैल करा.

## 7. नवे पाटे बसवणं

हाऊसिंगवरची बैठक घासून साफ करा. सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसायला हवं. भोक झिजून लांबट झालं असेल तर आधी ते दुरुस्त करा. डोकं नीट बसलं नाही तर हाऊसिंग काही मिलिमीटर पुढे-मागे राहतं आणि गाडी कायम तिरकी चालते.

पाट्याची पुढची बाजू कोणती ते पाहा. लांब आणि आखूड टोक उलटं झालं तर चाक मडगार्डच्या मध्यात येत नाही. डावा-उजवा अशी खूण असेल तर ती पाळा.

आधी स्थिर टोकाचा बोल्ट घाला, मग शॅकल. दोन्ही नट फक्त हाताने लावा. जॅकने हाऊसिंग खाली-वर करून सेंटर बोल्ट बैठकीत उतरवा. यू-बोल्ट चारही पायांना सारखे दिसेपर्यंत कोपऱ्याकोपऱ्याने, तिरकस क्रमाने आवळा. सुझुकीच्या या मालिकेच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये यू-बोल्टच्या नटांना 60 ते 80 न्यूटन-मीटर दिलेले आहेत. आपल्या मॉडेलच्या पुस्तकात ते एकदा पडताळा आणि टॉर्क रेंचनेच लावा. पाइप घालून ‘अजून अर्धा फेरा’ देणारा मिस्त्री आटे ताणून ठेवतो, आणि नट नंतर आपोआप सैल होतात.

## 8. अंतिम आवळणी जमिनीवर

रबरी बुशमध्ये रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला घट्ट धरून असतं. पाटा हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी हवेत लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळले तर रबर त्या लटकत्या अवस्थेत पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आल्याक्षणी ते पिळलेलं असतं आणि तसंच कायम राहतं. गाडी दिसायला उंच राहते, चालते कडक, आणि काही महिन्यांत बुश फाटतात. ‘नवे पाटे घातले, आणखीच कडक झाली’ या तक्रारीमागे फार वेळा एवढंच असतं.

म्हणून चाकं लावा, गाडी खाली उतरवा, मागे-पुढे पाच-दहा फूट ढकला, माणसं चढवून-उतरवून पाटे त्यांच्या जागी येऊ द्या. आता खाली शिरून डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कने आवळा.

तिथेच शॅकलचा कोन बघा. ती उभी किंवा खालचं टोक हाऊसिंगपासून किंचित बाहेर झुकलेलं हवं. दाबला की पाटा सरळ होतो, म्हणजे लांब होतो, आणि त्या लांबीला जागा शॅकलच देते. खालचं टोक हाऊसिंगकडे आत वळलेलं असेल तर नवा पाटा गरजेपेक्षा जास्त चापाचा आहे. शॅकल आधीच चेसीला आडवी पडत असेल तर पाटा आपटेल. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये नवा पाटा थोडा बसतो, तेव्हा किंचित आत असलेल्या शॅकलची लगेच धास्ती घेऊ नका.

## 9. आता शॉकअप

पाटे थोडे बसल्यावर शॉकअपचं माप घ्या. तोवर जुने शॉकअप चालतील, फक्त सावकाश चालवा. उंची वाढवली असेल तर आधी चाक लटकवून पाहा, जुना शॉकअप पूर्ण ताणला जात नाही ना.

तीन अंतरं लागतात. गाडी जमिनीवर असताना वरच्या-खालच्या बैठकीतलं अंतर. त्याच वेळी बंप रबर (बंप स्टॉप) आणि तो ज्यावर आपटतो त्या भागातली फट. आणि शॉकअप काढून चाक पूर्ण लटकवल्यावर बैठकीतलं अंतर.

समजा ही मापं 380, 70 आणि 460 मिलिमीटर आली. पाटा बंप रबरवर टेकेल तेव्हा अंतर 380 वजा 70 म्हणजे 310. रबर स्वतः आणखी 15-20 दबतं. म्हणून शॉकअप पूर्ण बंद झाल्यावर 290 पेक्षा लांब नको. आणि पूर्ण उघडल्यावर निदान 470 हवा, म्हणजे चाक लटकताना शॉकअप खेचला जाणार नाही. शॉकअप तिरका बसवलेला असल्यामुळे हे गणित थोडं इकडे-तिकडे होतं. शंका असेल तर जॅकने हाऊसिंग बंप रबरला टेकवून प्रत्यक्ष मोजा.

जास्त लांब शॉकअप घेणं आखूड घेण्याइतकंच वाईट. बंप रबरच्या आधी तो बुडाशी टेकला की गाडीचा सगळा भार त्याच्या दांडीवर येतो: दांडी वाकते, नाहीतर चेसीवरची बैठकच फाटते. असं होणार असेल आणि आखूड शॉकअप मिळत नसेल तर बंप स्टॉप खाली उतरवा.

प्रकाराबद्दल फार डोकं शिणवू नका. रोजच्या वापराला कमी दाबाचा गॅस भरलेला दुहेरी नळीचा शॉकअप चांगला. गाड्यांच्या ताफ्यात तासन्‌तास दगडांवरून, लडाखसारख्या रस्त्यावर जायचं असेल तर एकेरी नळीचा, कारण तो उष्णता लवकर बाहेर टाकतो. मात्र त्याच्या नळीला दगड लागून पोचा पडला की तो संपला. गेब्रिएल, ओल्ड मॅन एमू, रँचो ही नावं तुम्ही ऐकाल. नावापेक्षा तो तुमच्या पाट्याच्या कडकपणाला जुळवलेला आहे का ते विचारा. मऊ पाट्यावर कडक शॉकअप घातला तर वर गेलेलं चाक परत खाली यायला वेळ लावतं, लागोपाठच्या खड्ड्यांत पाटा दर वेळी थोडा थोडा दबत जातो आणि शेवटी आपटतो.

दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, आडवं ठेवल्याने आत शिरलेली हवा वर जाते. दांडी पकडीने धरून फिरवू नका. एक ओरखडा सील खायला पुरतो. रबरी बुश असलेली टोकंही जमिनीवरच आवळायची.

## 10. गाडी बाहेर काढण्याआधी

चाकं पूर्ण लटकवून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेक होज ताणत नाहीत ना ते पाहा. ताणत असतील तर लांब होज घाला, पर्याय नाही.

मागच्या ब्रेकला भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा हाऊसिंगला जोडलेला असतो. गाडी उचलली की त्याला वाटतं मागे भारच नाही, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. त्याची जोडणी नव्या उंचीला जुळवून घ्या. हे जवळपास सगळे विसरतात.

पुढे उंची वाढली की स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) तिरका होतो आणि स्टिअरिंग व्हील मध्यावर राहत नाही. व्हील उपटून फिरवून बसवू नका. ड्रॅग लिंकची लांबी जुळवा, म्हणजे स्टिअरिंग बॉक्स त्याच्या खऱ्या मध्यावर राहतो. त्यानंतर टो-इन (पुढच्या चाकांचा किंचित आत वळलेला कोन) तपासा.

मागचा शाफ्ट हाताने हलवून क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात) अडकाठी नाही ना आणि सरकता जोड पुरेसा आत आहे ना ते बघा. 40 च्या वेगाला नवी थरथर आली तर शाफ्टचा कोन बिघडलाय, टायर बॅलन्सिंगवर पैसे घालू नका. हेडलाइटचा झोत खाली घ्या, समोरच्याच्या डोळ्यात जातो.

## 11. पहिले 500 किलोमीटर

पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नवे पाटे आणि रंगाचे थर दबतात आणि नट सैल वाटतात. परत 500 ला. प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढून ठेवली की पुढे खाली वाकून नुसतं बघितलं तरी कळतं.

याच टप्प्यावर चारही उंच्या परत मोजून आधीच्या कागदाशेजारी लिहा. डाव्या-उजव्यात फरक वाढत चालला असेल तर पाटे वॉरंटीत असतानाच परत द्या. नव्या पाट्याची ‘कट-कट’ बहुतेक वेळा सैल शॅकल किंवा शॉकअपच्या बुशची असते. पाट्यांमधून आवाज आला तर टोकाखालची नायलॉनची पट्टी सरकली आहे का बघा.

नंतर दर पावसाळा संपला की पाटे धुऊन, सुकवून, यू-बोल्ट आणि शॅकल तपासायचे. समुद्राच्या पाण्यातून किंवा ओल्या वाळूवरून गाडी नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, पाट्यांच्या फटींत नळी धरून, पाणी स्वच्छ येईपर्यंत.